घरटी एक मूल

१९९८च्या जुलैमध्ये पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या एका वाडीच्या गावकीने ठराव केला, की वाडीतल्या प्रत्येक घराने रोज एक मूल शाळेत पाठवायचे. ठराव तोंडी होता. देवळाच्या मंडपात बसलेल्या सगळ्या कर्त्या पुरुषांनी त्याला होकार दिला आणि पुढच्या शिमग्यापर्यंत तो काटेकोर पाळला गेला.

मी तेव्हा महाडात राहत होतो. एका दैनिकाला महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांच्या बातम्या पाठवणे हे माझे काम. ही बातमी मला पोलादपुरात एका केंद्रप्रमुखांकडून मिळाली. आसपासच्या दहाबारा शाळांवर देखरेख करणारे ते अधिकारी होते. त्या वर्षी सरकारी शाळांची गुणवत्ता गावाच्या मदतीने वाढवायची, असे वरून आले होते आणि कोणत्या गावाने शाळेसाठी काय केले हे त्यांना दर महिन्याला कळवावे लागे. बहुतेक गावांनी फळा दिला होता किंवा भिंतींना रंग लावला होता. एका गावाने घड्याळ दिले होते. या वाडीने हजेरी दिली होती. ही बातमी आहे, असे केंद्रप्रमुख म्हणाले. मलाही तसेच वाटले.

वाडी घाटाच्या रस्त्यापासून तासाभराच्या चढावर होती. घरे एकोणीस. लोक म्हशी आणि शेळ्या पाळत, उतारावर नाचणी आणि वरी पिकवत. चार घरांना कुलूप होते, त्यांची माणसे मुंबईत. राहत्या पंधरा घरांपैकी चौदा घरांत शाळेच्या वयाची मुले होती. शाळा एका खोलीची, पहिली ते चौथी, पट एकतीस आणि गुरुजी एकच. गुरुजी घाटावरचे, वाईकडचे, तिशीच्या आतले. पोलादपुरात खोली घेऊन राहत, सकाळच्या एसटीने घाटात उतरत आणि चालत वर येत. पावसाळ्यात त्यांना वर्गात आठ मुले सापडत, कधी नऊ. बाकीची म्हशींमागे नाहीतर लावणीला गेलेली असत.

म्हणून गुरुजी जुलैत गावकीच्या बैठकीला गेले आणि मुले पाठवा, अशी विनंती त्यांनी केली. गावकीने ती इतर कामांसारखीच चर्चेला घेतली. पाखाडीची दगडी वाट दुरुस्त करायची असो, विहिरीतला गाळ उपसायचा असो, देवळाची कौले चाळायची असोत, वाडीत घरटी एक माणूस येतो. कोणी यायचे ते घराने ठरवायचे. आज बाप, उद्या मुलगा, परवा सून, कोणीही चालते. घरात माणूस नसेल तर त्या घराने दुसऱ्या घरचा माणूस बदली द्यायचा. एक माणूस उभा राहिला की त्या घराची पाळी फिटली. शाळेलाही तोच नियम लागला. गावकीचे अध्यक्ष सत्तरीचे होते. त्यांनी गुरुजींना विचारले, चालेल ना. आठांचे चौदा होणार होते. गुरुजींनी चालेल म्हटले.

ऑगस्टमध्ये मी वाडीवर गेलो. धुके शाळेच्या दारापर्यंत आलेले होते. गुरुजींनी हजेरीपट काढून दाखवला. रोजच्या बेरजेच्या रकान्यात एकाखाली एक चौदा लिहिलेले होते. मी वर्गातली डोकी मोजली, तीही चौदा भरली. बाहेर अध्यक्ष भेटले. एखाद्या दिवशी एखादे घर चुकत असेल, असे मी त्यांना म्हणालो.

“गावकीचं काम हाय,” ते म्हणाले. “चुकवून जायचं कुठं?”

हे वाक्य मी बातमीत घेतले. बातमी चार परिच्छेदांची होती आणि जिल्ह्याच्या पानावर छापून आली. तिच्यात ‘वाडीतली मुले आता नियमित शाळेत येऊ लागली आहेत’ असेही एक वाक्य होते. ते चुकीचे होते. मी बेरीज पाहिली होती, नावे वाचली नव्हती.

शिक्षकदिनाच्या सुमारास पोलादपुरात गुरुजींना शाल आणि नारळ देण्यात आला. केंद्रप्रमुखांनी शिक्षकांच्या सभेत कात्रण वाचून दाखवले. आणखी काही वाड्यांनी तसाच ठराव केल्याचे नंतर कानावर आले. नेमक्या किती, ते मला कधी कळले नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका दुपारी गुरुजी महाडला माझ्या खोलीवर आले. पिशवीत हजेरीपट होता. शाळेबाहेर तो न्यायचा नसतो, हे त्यांनी स्वतःच सांगितले आणि तो माझ्यासमोर उघडून ठेवला.

“बेरीज बघू नका,” ते म्हणाले. “आडवं वाचा.”

मी चौथीच्या वर्गातल्या एका मुलीच्या नावापुढची ओळ वाचली. एक दिवस हजर, दोन दिवस गैरहजर. पुन्हा एक दिवस हजर, दोन दिवस गैरहजर. पट्टीने आखल्यासारखे ते पानभर गेले होते. तिच्याखाली तिच्या भावाचे नाव तिसरीत होते, त्यापुढेही तेच, फक्त एक दिवस सरकून. धाकट्या भावाचे पहिलीत, आणखी एक दिवस सरकून. घरात शाळेची तीन मुले होती आणि घर रोज एक मूल पाठवत होते. कुठल्याही घराने ठराव मोडला नव्हता. एकतीस मुलांपैकी रोज येणारी मुले सहा होती, आपापल्या घरातली एकुलती.

गुरुजींच्या हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आले होते. तेव्हा ते गप्प राहिले, कारण पूर्वीपेक्षा बरे चालले होते. शाल मिळाल्यावर बोलायला तोंड उरले नाही, असे ते म्हणाले. आता सहामाही परीक्षा होऊन गेली होती. ती मुलगी गणितात नापास होती आणि वाचताना अक्षर अक्षर लावत होती.

तिच्याबाबतीत घाई होती. तिची मावशी बिरवाडीला राहत होती. मावशीचा नवरा तिथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता. मुलगी चौथी पास झाली तर तिला पाचवीपासून आपल्याकडे ठेवून घेऊ, असा निरोप मावशीने पाठवला होता. वाडीत चौथीच्या पुढे शाळा नव्हती आणि वाडीतली एकही मुलगी तोवर पाचवीला गेली नव्हती. बापाने नाही म्हटले नव्हते. पण त्याने गुरुजींना तोंडावर सांगितले होते, “पास झाली तर जाऊ दे बिरवाडीला. नापास झाली तर परत चौथी नाय. दोन वर्सं एकाच वर्गात बसवायला ती मला परवडत नाय.”

गुरुजी माझ्याकडे वेगळ्याच कामासाठी आले होते. ठराव बदला, असे त्यांनी अध्यक्षांना दोनदा सांगून पाहिले होते. अध्यक्षांनी दोन्ही वेळा बातमीचे कात्रण दाखवले. पेपरात आलेला ठराव चुकीचा कसा असेल, हा त्यांचा प्रश्न होता. तेव्हा चूक झाली हे मी येऊन सांगावे, असे गुरुजींचे म्हणणे. मी जातो म्हणालो.

बैठक रविवारी सकाळी भरली. पुरुष मंडपात, बायका मंडपाच्या पायरीखाली. उभ्या राहिलेल्यांत त्या मुलीची आई होती. मी सांगितले की मुले नियमित येत आहेत असे मी लिहिले, ते चुकले.

अध्यक्षांनी खिशातून कात्रण काढून एका तरुणाला वाचायला दिले. त्याने ठरावाचा परिच्छेद वाचला.

“घरटी एक लिवलंय,” अध्यक्ष म्हणाले. “घरटी एक जातंय. पेपरवाले, तुमचं काय चुकलं नाय. उगाच मनाला लावून घेऊ नका.”

मंडपात हशा पिकला. गुरुजींनी मग सरळ मागणी केली, की जितकी मुले पटावर आहेत तितकी रोज यावीत. मागच्या बाजूने कोणीतरी म्हणाले, गुरुजी, म्हशींना सुट्टी नसते, त्यांना रविवारीपण पोट असतं. अध्यक्षांनी त्याला गप्प केले आणि गुरुजींना अडचण समजावून सांगितली. गावकीचा ठराव मध्येच बदलता येत नाही. तो शिमग्याला बदलतो, कारण तेव्हा मुंबईकर आलेले असतात. त्यांच्या माघारी बदलला तर तेही पुढे गावकीचा शब्द मानणार नाहीत. शिमगा मार्चमध्ये होता. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये. गुरुजींनी दोन्ही महिने मोठ्याने म्हणून दाखवले. अध्यक्षांनी मान हलवली, पण उत्तर बदलले नाही.

उलट त्यांनीच तक्रार काढली. ठराव पाळण्यात कसूर झाली असेल तर ती एकाच राहत्या घराची, ते म्हणाले, आणि तीही गुरुजींमुळे. हे पंधरावे घर. त्यात एक म्हातारा आणि त्याची बायको, मूलबाळ नाही. ठराव झाला तेव्हा म्हाताऱ्याने आपल्या घरची पाळी स्वतः भरायची ठरवले होते. तो सकाळी शाळेत येई, मागच्या भिंतीला टेकून बसे, दुपारची सुट्टी झाली की घरी जेवून परत येई आणि शाळा सुटेपर्यंत थांबे. मुले त्याला विडी ओढायला बाहेर पाठवत आणि आत येताना बाराखडी म्हणायला लावत. आठवडाभराने गुरुजींनी त्याला, तुम्ही आला नाहीत तरी चालेल, असे सांगितले. मी ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा तो येईनासा झाला होता.

म्हातारा मंडपातच होता. “मी जात होतो,” तो म्हणाला. “मला हाकललं.”

“हाकललं नाही हो बाबा,” गुरुजी म्हणाले.

“मग काय, वरच्या वर्गात घातलंत?”

पुन्हा हशा पिकला. तो विरल्यावर पायरीखालून मुलीची आई बोलली. पदर डोक्यावर होता आणि ती मंडपाकडे न पाहता बोलत होती. अध्यक्ष तिला सासऱ्याच्या नात्याचे.

“मामंजी, एक विचारू का?”

“विचार गो.”

“बाबांच्या घराची पाळी थकलीय ना?”

“थकलीय.”

“मग बदली चालंल?”

“बदली कवापण चालतो. घरात माणूस नसला तर बदलीच द्यायचा.”

“तर माझी पोरगी त्यांची बदली. रोज. परीक्षा होईस्तवर. आमच्या घरचा एक पोरगा निराळा जाईल.”

मग मुलीचा बाप बोलला. त्याने बायकोकडे पाहिले नाही. “आन म्हशी?” एवढेच तो म्हणाला. मुलगी दोन दिवस घरी असे, ती म्हशींसाठीच.

उत्तर म्हाताऱ्याने दिले. त्याची स्वतःची दोन जनावरे होती आणि तो रोज त्यांच्यामागे जातच होता. “माझ्या पाळीला पोरगी जाणार, तर हिच्या म्हशी मी नेतो,” तो म्हणाला. “म्हशींनी मला अजून तरी हाकललं नाय.”

अध्यक्षांनी गुरुजींना विचारले, वहीत अडचण येईल का. गुरुजी म्हणाले, वहीत मुलीचे नाव मुलीच्याच नावापुढे लागेल. “वहीत कायपण लिवा,” अध्यक्ष म्हणाले. “गावकीत ते घर फिटलं.” मग ते थांबले, बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाले की हे असे असेल तर कुलपाच्या चार घरांची पाळीही थकलेलीच आहे. विहिरीच्या कामाला त्या घरांचा बदली भावकीतून येतो, तर शाळेलाही यायला हवा. याला कोणी हरकत घेतली नाही. पुढच्या सोमवारी शाळेत एकोणीस मुले होती.

मी त्याच आठवड्यात खुलासा लिहून पाठवला. कार्यालयातून फोनवर विचारण्यात आले, की कोणी तक्रार केली आहे का. तक्रार नव्हती. खुलासा छापला गेला नाही.

यानंतरचे काही गुरुजींकडून कळले आणि काही मी वर जाऊन पाहिले. गुरुजींनी वाडीच्या मुंबईकरांच्या मंडळाला पत्र लिहून शाळेची हकिगत कळवली. कुलपाच्या एका घराच्या मालकाने उलट टपाली किल्ली कुठे ठेवली आहे ते कळवले आणि गुरुजींनी त्या घरात राहावे, असे लिहिले. जानेवारीपासून गुरुजी सोमवार ते शनिवार वाडीवर राहू लागले. रोजची चढउतर वाचली. त्या वेळात ते शाळेआधी सकाळी चौथीच्या मुलांचे गणित घेत. चौथीत चार मुले होती. त्यांच्या आया आळीपाळीने गुरुजींना भाकरी देत. ही पाळी कोणी ठरवली, ते गुरुजींना विचारूनही सांगता आले नाही.

मुलगी रोज येत होती. जानेवारीत एक म्हैस व्यायली तेव्हा बापाने तिला तीन दिवस घरी ठेवले. चौथ्या दिवशी म्हातारा त्यांच्या दारात गेला आणि माझ्या घराची पाळी चुकते आहे, गावकीत मला बोल लागेल, असे म्हणून दारातच बसला. मुलगी शाळेत गेली. हे मला तिच्या आईने सांगितले. सांगताना ती हसत होती.

फेब्रुवारीत गुरुजींनी चौथीची सराव परीक्षा घेतली. मुलीला भाषेत बरे गुण पडले. भागाकारात ती अजून चुकत होती. गुरुजींनी ते तिच्या आईला सांगितले, बापाला सांगितले नाही.

मार्चमध्ये शिमग्याला मुंबईकर आले. पालखी नाचवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी गावकी बसली. मी तिथे होतो. शाळेचा विषय अध्यक्षांनीच काढला. मुंबईकरांपैकी एक जण चाळिशीचा होता. मुंबईत एका गोदामात हमालांचा मुकादम. गुरुजी राहत होते ते घर त्याचेच. तो म्हणाला, “मी पाचवी फेल हाय. तिकडं मला विचारतात, फॉर्म भरता येतो का. मी बोलतो, टाइम नाय. टाइम हाय रे, येत नाय मला. ह्या पोरांचं तसं करू नका.”

एका घराने विरोध केला. त्या घरात पाच मुले आणि सर्वांत जास्त म्हशी होत्या. चर्चा तासभर चालली. मोठा प्रश्न शाळेचा नव्हताच, राखणीचा होता. शेवटी ठराव असा झाला, की पटावरची सगळी मुले रोज शाळेत जातील. वाडीची गुरे एकत्र चारायची आणि राखणीला घरटी एक माणूस पाळीने जाईल. हा माणूस शाळेतला असणार नाही. ज्या घराला माणूस नाही त्याने बदली द्यायचा. विरोध करणाऱ्या घराने शेवटी हात वर केला.

या ठरावाचीही बातमी मी पाठवली. पहिली बातमी चुकीची होती, हे तिच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिले होते. छापताना जागेअभावी शेवटचा परिच्छेद गाळला गेला. तोवर वाडीवर रोजची हजेरी अठ्ठावीस-एकोणतीस झाली होती. या वेळी मी महिनाभराची नावे वाचली.

वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये झाली. चौथीची चारही मुले बसली. पेपर तपासायला शेजारच्या शाळेतले शिक्षक होते. निकाल मे महिन्याच्या पहिल्या दिवशी लागला. त्या दिवशी मी महाडात होतो. गुरुजींनी दुपारी पोलादपूरहून फोन केला. चौघांपैकी तीन पास झाले होते. मुलगी पास होती. गणितात तिला पास होण्याच्या गुणांपेक्षा दोन गुण जास्त होते. नापास झाला तो मुलगा विरोध करणाऱ्या घरातला होता. शिमग्यानंतर तो रोज आला होता, त्याआधी पाच दिवसांतून एकदा.

बाप गुणपत्रिका घ्यायला स्वतः आला होता, असे गुरुजींनी सांगितले. त्याने ती गुरुजींकडून वाचून घेतली, मग मुलीकडून वाचून घेतली. दोघांनी तेच वाचले. शाळा सोडल्याचा दाखला कधी मिळेल, एवढे त्याने विचारले. दाखला आठवड्याने मिळाला.

नापास झालेल्या मुलाच्या घराने त्याला पुन्हा चौथीत बसवले. गुरुजींची बदली जूनमध्ये घाटावर, त्यांच्या गावाजवळ झाली. ती त्यांनी दोन वर्षांपूर्वीच मागितली होती. त्यांच्या जागी आलेल्या शिक्षकांना गावकीने त्याच घराची किल्ली दिली.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात आईने मुलीला बिरवाडीला नेऊन सोडले. प्रवेशाच्या वेळी वडिलांची सही लागत होती आणि त्यासाठी बाप दुसऱ्या दिवशी डोंगर उतरून गेला. तो सही करत नसे, त्याने अंगठा दिला. त्याच दिवशी पाचवीच्या पटावर मुलीचे नाव लागले.